सरकत्या खोलीचा आवाज

गाडीतून खोली बाहेर येताना मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होते आणि हात कणकेने भरले होते. खाली अंगणात घरमालकांनी नुकतीच आणलेली अमेरिकन गाडी उभी होती. बसएवढी लांब, आत पलंग, शेगडी, न्हाणीघर असं सगळं असलेली. जर्मनीत अशा गाडीला वोनमोबील म्हणतात, पण रस्त्यावर दिसायची ती सगळी हिच्यापुढे खेळण्यातली वाटावीत. घरमालकांनी आत जाऊन कसलं तरी बटण दाबलं आणि गाडीच्या कुशीचा एक अख्खा तुकडा, खिडकी नि पडद्यासकट, सावकाश बाहेर सरकायला लागला. कपाटाचा खण ओढावा तसा. फरक इतकाच, की या खणात माणसाला झोपायचा पलंग होता.

मी सासूबाईंना हाक मारली. त्या उन्हाळ्यापुरत्या सांगलीहून आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी चष्मा पुसून खाली बघितलं आणि म्हणाल्या, "गाडीला पोट आलं की गं."

पण ते पोट येताना जो आवाज झाला तो सगळ्या गल्लीने ऐकला. आधी फुग्यावर ओलं बोट घासावं तशी चिरकी किंचाळी, मग जात्यात खडा सापडल्यासारखी करकर, आणि शेवटाकडे खट्ट. त्या खट्टबरोबर गाडीच्या सगळ्या काचा थरथरल्या. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. घरमालकांनी घाईघाईने बटण सोडलं, खाली उतरले आणि अर्धवट बाहेर आलेल्या खोलीखाली वाकून बघत राहिले.

आम्ही तेव्हा बॉनजवळच्या एका खेड्यात राहत होतो, वरच्या मजल्यावर. नवरा रोज गाडी पकडून कोलोनला सॉफ्टवेअरच्या ऑफिसात जायचा. मी मेकॅनिकल इंजिनियर. पुण्याला असताना एका कारखान्यात गिअरबॉक्स तपासायचं काम करत होते. पण जर्मनीतल्या माझ्या व्हिसावर नोकरीला परवानगी नव्हती, त्यामुळे सकाळी जर्मनचा वर्ग आणि उरलेला दिवस घरात असं चाललं होतं.

खालच्या मजल्यावर घरमालक आणि त्यांची बायको. दोघंही निवृत्त शिक्षक. ते भूगोलाचे, त्या भौतिकशास्त्राच्या. समोर आम्ही त्यांना रीतसर हेर आणि फ्राऊ म्हणायचो, आपसांत मात्र आजोबा नि आजी. आजींना स्नायूंचा आजार होता. चाकाच्या खुर्चीत थोडा वेळ बसता यायचं, मग पाठ टेकावीच लागे. दिवसातला बहुतेक वेळ त्या उत्तरेकडच्या खोलीत पडून असत. खिडकीतून एक भिंत आणि त्या भिंतीवर चढलेला वेल दिसायचा.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या वरच्या नळाचं काहीतरी विचारायला खाली गेले, तेव्हा गाडीचा सगळा उलगडा झाला. आजोबा म्हणाले, "ही गाडी तिच्यासाठी घेतली. जूनमध्ये शुक्र सूर्यावरून जाणार आहे. ती तीस वर्षं मुलांना सांगत आली, दोन हजार चार साली बघा म्हणून."

आजींनी पलंगावरून दुरुस्ती केली, "आज जिवंत असलेल्या कुठल्याही माणसाने हे बघितलेलं नाही. शेवटचं झालं ते एकोणिसाव्या शतकात."

मी ते वाक्य मनात पुन्हा जर्मनमध्ये म्हणून बघितलं, कारण मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. कुठल्याही जिवंत माणसाने नाही. इतक्या साध्या आवाजात त्या हे बोलल्या होत्या.

आमचं गाव दरीत होतं. सकाळचा सूर्य समोरच्या टेकडीमागून फार उशिरा वर यायचा. म्हणून आजोबांनी ठरवलं होतं, की आजींना घेऊन जवळच्या आयफेल डोंगररांगेवर जायचं, चहूकडे मोकळं आकाश असलेल्या जागी. आजींना झोपूनच बघावं लागणार, शेजारी दुर्बीण ठेवायला जागा हवी, खुर्ची वळायला जागा हवी. खोली आत असली की गाडीत पलंग नि स्वयंपाकाचा ओटा एकमेकांना चिकटतात, माणूस आडवा होऊनच पुढे जाऊ शकतो. म्हणून ही खोली बाहेर येणं भाग होतं. आणि ती अशी ओरडत होती. डोंगरावर ती अडकली, बाहेर आलेली आत जाईना, तर परत कसं यायचं? अशा गाड्यांचं दुरुस्तीचं दुकान लांब होतं आणि त्यांनी दिलेली तारीख शुक्र जाऊन गेल्यानंतरची होती.

"मी बघू का?" मी विचारलं. "मी गिअरवर काम केलंय."

आजोबांनी एक क्षण माझ्याकडे बघितलं. मग कोनाड्यातला टॉर्च काढून माझ्या हातात दिला. "आल्झो," म्हणजे तर मग, "चला."

पुण्याहून आल्यापासून मी कुठल्याही यंत्राखाली शिरले नव्हते. आजोबांनी बॅटरीची तार काढली, खोलीखाली लाकडाचे जाड ठोकळे रचले, आणि मी जुन्या सतरंजीवर पाठ टेकून आत सरकले. वर बघितलं आणि बघतच राहिले. दोन लोखंडी रूळ, त्यांवर दात्यांच्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीत फिरणारं एकेक छोटं दातेरी चाक. दोन्ही चाकांना जोडणारा एक लांब शाफ्ट गाडीच्या अंगाला समांतर गेलेला, आणि तो फिरवायला एक मोटर, नारळाएवढी. एवढीशी मोटर पलंग, कपाट, काच, भिंती आणि आत झोपलेलं माणूस असं सगळं घेऊन बाहेर जाते. कारखान्यात मी याहून कितीतरी मोठी यंत्रं बघितली होती. पण कुणीतरी बसून विचार केला, की घराला हात फुटावेत आणि ते हवं तेव्हा पसरावं, आणि मग तो विचार इतक्या थोड्या लोखंडात बसवला, याचं मला त्या सतरंजीवर पडल्या पडल्या फार नवल वाटलं.

किंचाळी सोपी निघाली. खोलीच्या कडेने पाणी आत येऊ नये म्हणून रबरी पट्ट्या असतात, त्या वाळून राठ झाल्या होत्या. आम्ही त्या साबणाच्या पाण्याने पुसल्या, वर सिलिकॉनचा फवारा मारला. सासूबाई चिंध्या घेऊन मदतीला आल्या. त्यांना जर्मन येत नव्हतं आणि आजोबांना मराठी, पण पट्टीचा कुठला भाग राहिलाय हे ते एकमेकांना बरोबर दाखवत होते. किंचाळी गेली. करकर आणि खट्ट राहिले.

मग मला अंगणाचा संशय आला. अंगणाला उतार होता. गाडीच तिरकी असेल तर खोलीला चढावर चढावं लागणार. आजोबांनी पाणसळ आणली, आम्ही एका बाजूच्या चाकांखाली फळ्या घातल्या आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत गाडी पुढे-मागे केली. करकर थोडी कमी झाली. खट्ट तसाच.

नंतर माझ्या लक्षात आलं, की खोली सरकताना आतला दिवा मंद होतो. म्हणजे मोटरला पुरेशी वीज मिळत नव्हती. बॅटरी रात्रभर चार्ज केली, तारांची गंजलेली टोकं घासून चकचकीत केली. खोली पहिल्यापेक्षा भरभर निघाली आणि भरभर खट्ट वाजलं.

मी दातेरी चाकं पुसून बघितली. दाते शाबूत होते. ग्रीस लावलं. काही फरक नाही. दोन दिवस मी नुसती विचार करत होते. भाजी करपली, सासूबाईंनी ती तशीच वाढली. रात्री जेवताना नवरा म्हणाला, "जाऊ दे ना, ते दुकानवाले बघतील." सासूबाईंनीच त्याला सांगितलं, "तोवर शुक्र थांबणारे का?"

आवाजाचं मूळ शेवटी सापडलं ते आजींमुळे. त्या एक दिवस म्हणाल्या, "तुम्ही सगळे बाहेरून ऐकताय. आत काय होतं ते कुणी अनुभवलंय? मला त्या पलंगावर झोपवा आणि खोली बाहेर काढा."

आजोबा तयार होईनात. खोली सरकताना आत कुणी नसावं असं गाडीवरच लिहिलं होतं. त्यांचं बोलणं बराच वेळ चाललं, मला अर्धं कळलं. शेवटी आजी म्हणाल्या, "मी आयुष्यभर मुलांना प्रयोग करायला लावले. आता मला एक करू दे." मग आजोबांनी त्यांना उचलून आत नेलं. मी पलंगाजवळ गाडीच्या न हलणाऱ्या जमिनीवर उभी राहिले, आजोबा बटणावर बोट ठेवून.

खोली निघाली. आजींनी डोळे मिटले, दोन्ही तळहात गादीवर पसरले. करकर झाली, खट्ट झालं, खोली थांबली. त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "पुन्हा."

पुन्हा आत, पुन्हा बाहेर. मग त्या म्हणाल्या, "माझे पाय आधी जातात. डोकं मागे राहतं. आणि मग डोकं झटक्याने पायांना येऊन गाठतं. तोच तो आवाज."

पलंग गाडीच्या लांबीला समांतर होता. डोकं पुढच्या रुळावर, पाय मागच्या. म्हणजे खोली सरळ बाहेर येतच नव्हती. मागची बाजू निघायची, पुढची रेंगाळायची, खोली तिरकी होऊन रुळांना घासायची. ती करकर. हे बाहेरून दिसत नव्हतं, कारण तफावत बोटभरही नसेल. ज्या बाईला पायांवर उभं राहता येत नव्हतं तिला ती पाठीने कळली. मी लगेच वळून दाराकडे निघाले. त्या म्हणाल्या, "काय झालं? चुकलं का माझं?"

"नाही," मी म्हटलं. "मला खडू हवाय."

खडू त्या घरात भरपूर होते. मी गाडीखाली गेले आणि शाफ्ट जिथे पुढच्या दातेरी चाकाला जोडला होता तिथे जोडाच्या दोन्ही अंगांना मिळून एक सरळ रेघ ओढली. मागच्या जोडावर तशीच दुसरी. बाहेर आले, खोली आत-बाहेर करवली, पुन्हा ठोकळे लावून खाली गेले. मागची रेघ अखंड होती. पुढची मधोमध तुटून दोन तुकडे एकमेकांपासून सरकले होते. शाफ्ट फिरत होता, चाक त्याचं लगेच ऐकत नव्हतं.

जोडातला बोल्ट काढला तर तो मधे झिजून बारीक झाला होता, चोखलेल्या गोळीसारखा. ज्या भोकात तो बसायचा ते गोल राहिलं नव्हतं, अंड्यासारखं लांबट झालं होतं. शाफ्ट आधी त्या मोकळ्या जागेत फिरायचा आणि मग बोल्टला जाऊन आदळायचा. आजोबा जोड घेऊन गावातल्या ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात गेले, भोक जरा मोठं आणि पुन्हा गोल करून, त्यात घट्ट बसणारा जाड बोल्ट घेऊन आले. बोल्ट बसवण्याआधी मी पुढचं चाक पान्याने हाताने फिरवून दोन्ही बाजू बरोबरीला आणल्या. आजोबा वरून माप सांगत होते. माझ्या कोपरापर्यंत काळं ग्रीस माखलं होतं आणि मी खूप दिवसांनी मजेत होते.

आजींनी हट्टाने पुन्हा पलंगावर जागा घेतली. आजोबांनी बटण दाबलं. मोटरची गुणगुण तेवढी आली, तीही लांब कुठेतरी पंखा चालू असावा इतपत. भिंत हलत होती, खिडकीतलं सफरचंदाचं झाड जवळ येत होतं. खोली टेकली, गुणगुण थांबली. आजी छताकडे बघत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "सुरू कधी करताय?"

आजोबा पलंगाच्या कडेवर बसले आणि त्यांनी तोंडावरून हात फिरवला. मी खाली उतरून सतरंजी झटकायला लागले.

शुक्र सूर्यावरून जायच्या दिवशी नवऱ्याला रजा मिळाली नाही. सासूबाई आणि मी त्यांच्याबरोबर निघालो. पहाटे दरीत धुकं होतं, पण वर चढत गेलो तसं ते खाली राहिलं आणि निळं स्वच्छ आकाश उघडलं. कुरणाच्या कडेला गाडी लावायची सपाट जागा होती. पलीकडे गायी. आजोबांनी पाणसळ ठेवली, मी फळ्या सरकवल्या. मग खोली सूर्याकडे तोंड करून बाहेर आली, एका गायीने मान वळवली, इतकंच.

शाळेतली जुनी दुर्बीण पलंगाशेजारी तिकाटण्यावर उभी केली आणि खिडकी पूर्ण उघडली. दुर्बिणीतून सूर्याकडे बघायचं नसतं. तिच्या मागून येणारा उजेड आजोबांनी एका पांढऱ्या पुठ्ठ्यावर घेतला आणि पुठ्ठा आजींच्या पांघरुणावर टेकवला. सूर्य त्यांच्या मांडीवर आला, पुरीएवढा.

बराच वेळ नुसती पुरी होती. मग कडेला एक चिमटा काढल्यासारखं दिसलं. आजी म्हणाल्या, "डा," म्हणजे तिथे. तो चिमटा खोल होत गेला, आणि मग कडेपासून सुटून आत आला. काळाभोर, मोहरीएवढा, काठ अगदी रेखीव.

"इतका गोल असेल असं वाटलं नव्हतं," आजी म्हणाल्या. "फळ्यावर मी इतक्या वेळा काढला. पण हा खरंच गोल आहे."

सासूबाई इतका वेळ दारापाशी होत्या. हे ग्रहणासारखंच काहीतरी, म्हणून त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "हा कुठला ग्रह म्हणालीस?"

"शुक्र."

"पण शुक्राचा तर अस्त चालू आहे."

आमच्या घरात लग्नाचे मुहूर्त त्याच बघायच्या, पंचांग त्यांना तोंडपाठ असायचं. शुक्राचा अस्त असला की लग्न काढत नाहीत हे मला ठाऊक होतं. अस्त म्हणजे नेमकं काय, हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं.

"अस्त म्हणजे काय हो आई?"

"तो सूर्याच्या इतका जवळ जातो की त्याच्या तेजात दिसेनासा होतो. आहे, पण दिसत नाही. म्हणून थांबायचं, तो पुन्हा दिसेपर्यंत."

मी हे जसं जमलं तसं जर्मनमध्ये आजींना सांगितलं. त्यांनी पुठ्ठ्यावरून नजर उचलली आणि पहिल्यांदाच सासूबाईंकडे नीट बघितलं. "गेनाऊ," त्या म्हणाल्या. "हेच. हेच मी शिकवत होते. त्यांना हे कुणी शिकवलं?"

"आमच्या आईने," मी मराठीत विचारल्यावर सासूबाई म्हणाल्या.

आजींनी पुठ्ठा बाजूला घ्यायला सांगितलं आणि सासूबाईंना हाताने खूण केली, या, इथे बसा. मग त्यांचा हात धरून तो उताणा करून उजेडात नेला. सूर्य सासूबाईंच्या तळहातावर पडला. हातावरच्या रेषांमधून, लाटण्याने पडलेल्या घट्ट्याजवळून, तो काळा ठिपका सरकत होता. इतका हळू की सरकताना दिसत नव्हता. सासूबाईंनी हात जराही हलवला नाही.

"ऊब लागतेय," त्या म्हणाल्या, अगदी हळू.

मी उभी होते तिथून मला दोघींचे हात दिसत होते, वर धरलेला आणि खालून आधार दिलेला. सांगलीच्या स्वयंपाकघरात आणि बॉनच्या शाळेत दोघींनी हाच हिशेब आयुष्यभर सांभाळला होता, दिसत नसलेल्या गोष्टीचा. ती गोष्ट प्रत्यक्ष बघायची पाळी आज आली होती. मला काय वाटलं ते मी नवऱ्याला संध्याकाळी सांगायचा प्रयत्न केला, जमलं नाही. आजही जमलेलं नाही.

मग सायकलवरून जाणारे लोक थांबले, शेजारच्या गोठ्यातली बाई आली. आजी पडल्या पडल्या त्यांना शिकवत होत्या, एकेकाला आत बोलावून. त्यांचा तो आवाज मी खाली घरात कधी ऐकला नव्हता, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. खोलीत कधी कधी चार-पाच माणसं दाटीने उभी असत आणि पुठ्ठ्यावरची पुरी जराही थरथरत नसे. दुपारी ठिपका दुसऱ्या कडेने निघून गेला. सासूबाईंनी डबा उघडला, दशम्या आणि लसणाची चटणी सगळ्यांना वाटली. आजी चटणी खाऊन दोन पेले पाणी प्यायल्या आणि त्यांनी चटणी पुन्हा मागितली.

त्या रविवारी सासूबाईंनी सांगलीला बहिणीला फोन लावला. सगळं साग्रसंगीत सांगून झाल्यावर म्हणाल्या, "अगं, अस्तातला शुक्र मी हातावर घेतला." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "नाही धुतला. का धुवायचा?"

आजी-आजोबा पुढची दोन वर्षं त्या गाडीतून हिंडले. उत्तरेच्या समुद्रावर गेले, जिथे ओहोटीला पाणी क्षितिजापर्यंत मागे जातं. आजींनी ते खिडकीतून तीन दिवस बघितलं. परत आल्यावर मी बोल्ट तपासायची, खडूची नवी रेघ ओढायची. मला नोकरीची परवानगी मिळाली तोवर आजी खूप थकल्या होत्या. त्या हिवाळ्यात गेल्या.

आजोबांनी गाडी विकली नाही. ते सकाळी पेपर घेऊन अंगणात जायचे, गाडीत चढायचे आणि खोली बाहेर काढून त्या पलंगावर बसून वाचायचे. वर आम्हाला काहीच ऐकू यायचं नाही. मी कणीक मळता मळता खिडकीतून सहज खाली बघायची, तर गाडी रुंद झालेली असायची.